रूळ वाकला की नुसता उन्हाला दोष देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की सगळ्याच पेपरांत एक बातमी ठरलेली असते. कडक उन्हामुळे रूळ प्रसरण पावला, वाकला, गाड्या लेट, प्रवासी हैराण. बस्स, बातमी तिथेच संपते. मग लोक चर्चा करतात, कोण म्हणतं ऊन काय ह्याच वर्षी पडलं का, कोण म्हणतं रुळांमध्ये फट ठेवायची असते ती ह्यांनी ठेवली नसणार, पैसे खाल्ले असतील. मी सगळी नोकरी रुळावर काढली, पी-वे म्हणजे परमनंट वे खात्यात, आता रिटायर आहे, आणि ह्या दोन्ही गोष्टी वाचून खरंच राहवत नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त खडीबद्दल जे लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

आधी त्या फटीचं बघू. शास्त्रीय कारण लिहा, रेल्वेच्या दोन रुळांमध्ये फट ठेवतात, हा प्रश्न आपण सगळ्यांनी शाळेत सोडवलाय आणि नातवंडंही सोडवतायत. उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावतं, फट नसेल तर रूळ वाकतील, झालं उत्तर, दोन मार्क. उत्तर चूक नाही पण ते जुन्या लाईनचं उत्तर आहे. तेव्हा रूळ म्हणजे १३ मीटरचा तुकडा, असे दोन तुकडे फिशप्लेट म्हणजे लोखंडी जोडपट्टी आणि बोल्टांनी जोडायचे आणि मधे फट सोडायची. हिशोब अगदी सोपा आहे, एक मीटर पोलाद एक अंश सेल्सिअसने तापलं की लांबीत साधारण ०.०११५ मिलिमीटर वाढतं, डोळ्याला दिसणार पण नाही. पण १३ मीटरचा रूळ घ्या आणि थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक धरा, तर ती वाढ जवळजवळ ६ मिलिमीटर भरते. तेवढी जागा सोडली की काम झालं.

मग ती फट का काढली? कारण लाईनवरचा सगळ्यात मोठा त्रास त्या फटीतच होता. प्रत्येक चाक प्रत्येक सांध्यावर आपटतं, खडाक खडाक आवाज जो जुन्या लोकांना आठवत असेल तो हाच, आणि त्या आपटण्याने रुळाची टोकं चेपतात, बोल्टाच्या भोकापासून तडे जातात, सांध्याखालचा स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ठोकळा, खचतो, पॅकिंग म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून भरणं सारखं सारखं करावं लागतं. फिशप्लेटा दरवर्षी हिवाळ्यात उघडून साफ करून ग्रीस लावायचं, नाहीतर रूळ सांध्यात सरकतच नाही आणि फट असून नसल्यासारखी. ताशी १०० आणि १३० किमीच्या गाड्या, वर एवढ्या जड मालगाड्या, त्या सांध्यांवर नेहमीसाठी चालवणं परवडत नाही. म्हणून आता भिलाईला १३० मीटर लांबीचा अख्खा रूळ बनतो, दोन जोडून २६० मीटरचं पॅनल करतात आणि ते साईटवर आणून पुढचं वेल्डिंग तिथेच, अशी किलोमीटरच्या किलोमीटर एकसंध लाईन होते. आम्ही तिला एलडब्ल्यूआर म्हणतो, लाँग वेल्डेड रेल. मेन लाईनवर आता तुम्हाला बहुतेक हीच दिसेल. तीव्र वळणाच्या घाटात सगळीकडे ती टाकता येत नाही ते वेगळं.

आता कोणीही हुशार पोरगं विचारेल की मग वाढ गेली कुठे. मुंबई ते पुणे १९२ किमी आहे, रूळ ३० अंशांनी तापला आणि त्याला मोकळं सोडलं तर हिशोबाने तो ६६ मीटर लांब व्हायला पाहिजे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते ३४ किमी घेतले तरी साडेअकरा मीटरच्या वर. एवढा रूळ जाणार कुठे? पुणे स्टेशनात घुसतो का?

नाही घुसत, कारण आपण त्याला वाढूच देत नाही. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि शाळेच्या उत्तरात तो कुठेच येत नाही. लोखंडाला वाढायचं असतं, पण ते क्लिपांनी स्लीपरला जखडलेलं असतं आणि स्लीपर खडीत रुतलेला असतो. वाढ अडवली म्हणून उष्णता काय गप्प बसत नाही, जी वाढ लांबीत झाली नाही ती रुळाच्या पोटात दाब होऊन साठते. हा दाब किती ते सांगतो. आपल्याकडचा ६० किलोचा रूळ, म्हणजे मीटरला ६० किलो वजनाचा, तो आडवा कापला तर त्याचं क्षेत्रफळ ७७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं, आणि असा रूळ जखडून ठेवला की तापमानाच्या दर एका अंशाला साधारण १.९ टन दाब चढतो. एका अंशाला. २० अंश वाढले तर एका रुळात ३८ टन, दोन्ही रूळ मिळून ७६ टन. चंद्रपूरकडून कोळसा भरून येणाऱ्या वॅगनी बघितल्या असतील, तशी एक भरलेली वॅगन ८० टनांच्या आसपास असते, म्हणजे जवळपास एक अख्खी वॅगन आडवी होऊन त्या लाईनला दोन्ही बाजूंनी दाबतेय, आणि वरून बघणाऱ्याला रूळ नुसता शांत पडलेला दिसतो.

अजून एक गोष्ट सांगतो जी ऐकून भले भले इंजिनीअर पण क्षणभर थांबतात. हा दाब रुळाच्या लांबीवर अवलंबून नाही. रूळ एक किमीचा असो की ५० किमीचा, २० अंशांना तेच ३८ टन. वाढीची लांबी लांबीप्रमाणे वाढत जाते, पण दाब ठरतो तो दर मीटरला किती वाढ अडवली त्यावर, आणि दर मीटरला ती सगळीकडे सारखीच असते. म्हणून तर अखंड रूळ टाकता येतो, नाहीतर जितकी लांब लाईन तितका जास्त दाब असं असतं तर कोणी वेल्डिंग करायची हिंमत केली नसती. मधला सगळा रूळ जागचा हलत नाही. हलतात फक्त दोन टोकं, साधारण शंभरेक मीटरचा पट्टा, तिथे रूळ श्वास घेतल्यासारखा मागेपुढे होतो आणि त्याच्यासाठी टोकाला एसईजे म्हणून खास सांधा बसवतात, त्यात दोन रुळांची निमुळती टोकं एकमेकांच्या बाजूने सरकतात पण चाकाला फट लागत नाही.

मग रूळ शून्य दाबाचा कधी असतो? ते आपण ठरवतो, आणि इथे पी-वेच्या कामाची खरी कसोटी आहे. त्या भागात वर्षभरात रूळ किती थंड होतो आणि किती तापतो ते बघून मधलं तापमान काढतात, आणि जड रुळासाठी त्याच्याही ५ ते १० अंश वर एक तापमान पकडतात. त्या तापमानाला रूळ ना दाबलेला ना ताणलेला असा जखडायचा, ह्याला डिस्ट्रेसिंग म्हणतात. ब्लॉक घेऊन, म्हणजे ठरलेल्या वेळेपुरत्या गाड्या बंद ठेवून, रूळ कापायचा, मैलभर क्लिपा काढायच्या, रूळ उचलून रोलरवर ठेवायचा, लाकडी हातोड्याने ठोकत जायचं म्हणजे कुठे अडकलेला ताण असेल तो सुटतो, थर्मामीटर बघत राहायचं, आणि तापमान कमी असेल तर हायड्रॉलिक टेन्सरने हिशोबाने तेवढा रूळ ओढून घ्यायचा, मग परत क्लिपा, मग वेल्डिंग. आणि हे सगळं ब्लॉकच्या टायमात, कंट्रोलवाला कानाशी, ऊन डोक्यावर. ह्या कामात एखाद्या गँगने मिलिमीटरचा घोळ केला तर तो त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या मे महिन्यात दिसतो. म्हणून हे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे आणि तो मी इथे उघड सांगतो.

समजा आपल्याकडे हे तापमान ४५ अंश ठेवलं. आता लोक म्हणतील ४५ म्हणजे जळगाव, अकोल्याचा रोजचाच पारा, मग दाब कुठून येणार. पण पेपरात येतं ते हवेचं तापमान, तेही सावलीतलं, जमिनीपासून सव्वा मीटरवर लाकडी पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं. रूळ उघड्या उन्हात, खाली तापलेली खडी, तो हवेपेक्षा १५ ते २० अंश जास्त तापतो. बाहेर ४५ तेव्हा रूळ ६० ते ६५. आम्ही रुळाचं तापमान वेगळं मोजतो, चुंबकाने चिकटणारा थर्मामीटर असतो, तो रुळाच्या सावलीच्या बाजूला लावतात. आणि ह्याचीच उलटी बाजू हिवाळ्यात. विदर्भात डिसेंबरच्या पहाटे रूळ ८ अंशांवर गेला तर ४५ पासून ३७ अंश खाली, म्हणजे ७० टनांचा ताण, रूळ आकसायला बघतो आणि आकसता येत नाही, मग कुठे वेल्ड कच्चा असेल तर तिथे तुटतो. म्हणून थंडीच्या पहाटे पण गस्त असते. उन्हाळ्यात दाब, हिवाळ्यात ताण, आणि दोन्हीच्या मधे कुठेतरी तुमचा-आमचा रूळ बसवलेला असतो.

ब्रिटनचं उदाहरण द्यायला पाहिजे कारण त्यावर आपल्याकडे फार हसतात. तिथे ३०-३२ अंश झाले की गाड्या स्लो करतात आणि आपले लोक म्हणतात, या एकदा नागपूरला. पण तिथला रूळ २७ अंशाला शून्य दाबाचा ठेवलेला असतो कारण त्यांचा हिवाळा तसा आहे. १९ जुलै २०२२ ला तिथे कोनिंग्सबी गावात ४०.३ अंश नोंदले गेले, तेव्हा त्यांचा रूळ त्यांच्या हिशोबाच्या किती वर गेला असेल तुम्हीच बघा, त्या दिवशी त्यांना मोठ्या मेन लाईनीचा काही भाग चक्क बंद ठेवावा लागला. तोच रूळ आपण आपल्या हिशोबाने जखडला असता तर ४० ला काहीच वाटलं नसतं, पण मग त्यांच्या थंडीत तो तुटला असता. म्हणजे अमुक अंशाला रूळ वाकतो असा जगभर चालणारा आकडा नसतोच, रूळ कुठल्या तापमानाला जखडला त्यावर सगळं आहे. ते लोक काही ठिकाणी रूळ पांढरे रंगवतात, त्याने ५ ते १० अंश कमी तापतात, ही गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे असं मला वाटतं, निदान जिथे नेहमी त्रास होतो तिथे.

आता खडीकडे येतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं.

दाब आहे म्हणून रूळ वाकतोच असं नाही. ७६ टन दाब असलेली लाईन मे महिन्यात रोज दुपारी असते आणि तिच्यावरून रोज गाड्या जातात. वाकणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर स्टीलची फूटपट्टी दोन्ही टोकांना दाबा. थोडा वेळ सरळ राहील आणि मग एकदम बाजूला फुगेल. तिला दोन्ही बाजूंनी कोणी धरून ठेवलं असेल तर मात्र कितीही दाबा, फुगणार नाही. रुळाला असं बाजूने धरणारं एकच काही आहे, खडी. स्लीपर आजकाल काँक्रीटचा, अडीचशे किलोच्या वर वजन, दर ६० सेंटिमीटरला एक. त्याच्या बुडाला खडीचं घर्षण, दोन स्लीपरांच्या मधे भरलेली खडी, आणि स्लीपरच्या टोकाबाहेर रचलेला खडीचा खांदा, ह्या तिघांनी मिळून लाईन सरळ राहते. हा खांदा सरळ लाईनवर ३५० मिलिमीटर रुंद लागतो आणि वळणावर बाहेरच्या बाजूला ५००, कारण वळणावर दाब रुळाला बाहेर ढकलत असतो. नुसता रुंद नाही, तो भरलेला आणि दाबून बसलेला पाहिजे.

त्यामुळे लाईन कुठे वाकते ते आमच्या जुन्या कीमॅनला, म्हणजे रोज लाईन तपासत चालणाऱ्या माणसाला, न बघता सांगता येतं. जिथे नुकतंच पॅकिंग झालंय आणि खडी ढिली आहे तिथे, पुलाच्या तोंडाशी, लेव्हल क्रॉसिंगच्या कडेला, जिथे पावसाने भराव खचून खांदा घसरला तिथे. आणि बऱ्याचदा वरून गाडी जात असतानाच वाकते, कारण चाकांच्या पुढे आणि डब्याखालच्या दोन चाकगाड्यांच्या (बोगींच्या) मधे लाईन किंचित वर उचलली जाते, स्लीपर हलका होतो, बुडाचं घर्षण त्या क्षणापुरतं जातं. मग खांदा मजबूत असेल तर निभावतं. म्हणूनच नवीन पॅकिंग केलेल्या ठिकाणी स्पीड कमी ठेवतात, चार-सहा दिवस गाड्यांच्या वजनाने खडी बसू देतात, आणि म्हणूनच कडक दुपारी खडी किंवा क्लिपा काढून लाईन मोकळी करायची नाही हा नियम आहे. तुमची गाडी उन्हात एखाद्या ठिकाणी ३० च्या स्पीडने जाते तेव्हा बहुतेक वेळा हे कारण असतं. मोटरमन किंवा लोको पायलट झोपलेला नसतो.

ठरलेल्या तापमानाच्या २० अंश वर रूळ गेला की गरम हवामानाची गस्त सुरू होते. ऐन दुपारी, लोक घरात पंख्याखाली असतात तेव्हा, ट्रॅक मेंटेनर लाल झेंडा, डिटोनेटर (चाकाखाली फुटून आवाजाने ड्रायव्हरला सावध करणारा फटाका), पाण्याची बाटली घेऊन लाईनवरून चालतो. मधे मधे खाली बसून रुळाच्या कडेवर नजर लावून बघतो, लाईन सरळ आहे का, कुठे किंचित फुगवटा आहे का, कुठे खडी सुटलीय का. फुगवटा दिसला तर आधी गाडी थांबवायची, ६०० मीटरवर एक डिटोनेटर आणि १२०० मीटरवर १०-१० मीटरच्या अंतराने तीन लावायला पळायचं, ६५ अंश तापलेल्या लोखंडाच्या बाजूने, पायाखाली ती खडी. एवढ्या उन्हात एवढं पळणं म्हणजे काय ते चालून बघितल्याशिवाय कळणार नाही. ह्या माणसांना चांगले बूट, टोपी, पाणी आणि मधे बसायला सावली मिळालीच पाहिजे. ही मागणी मी नोकरीत असताना पण केली आणि आता पण करतो.

गाडीतून जाताना एक गोष्ट सगळ्यांना बघता येईल म्हणून सांगतो. रुळाच्या वरची विजेची तार तांब्याची असते, तांबं पोलादापेक्षा दीडपट वाढतं, मीटरला एका अंशाला ०.०१७ मिलिमीटर. ७५० मीटर तार ३० अंशांनी तापली तर ३८ सेंटिमीटर लांब होते. तिला जर रुळासारखं जखडलं तर उन्हाळ्यात ती लोंबेल आणि पेंटोग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, अडकेल. म्हणून तिला जखडत नाहीत, टोकाला पुलीवरून वजनं टांगतात, काही खांबांवर एकावर एक रचलेल्या लोखंडी चकत्या दिसतात त्या ह्याच. तार वाढली की वजनं खाली येतात, आकसली की वर जातात, तारेचा ताण कायम तेवढाच. मोठ्या पुलाच्या गर्डरचं पण तसंच, एक टोक पक्कं आणि दुसऱ्या टोकाखाली रोलर, सरकू दे पाहिजे तेवढं. म्हणजे एकाच लाईनवर वरच्या तारेला वाढू देतो आणि खालच्या रुळाला वाढू देत नाही. जिथे वाढू देतो तिथे सरकायची जागा साफ ठेवावी लागते, जिथे देत नाही तिथे धरायची पकड मजबूत ठेवावी लागते. बिल्डिंगला पण हेच लागू आहे, ४५ मीटरपेक्षा लांब बिल्डिंगला सांधा सोडायला सांगतात आणि आपल्याकडे सोसायट्या गळती होते म्हणून तो सांधा सिमेंटने बुजवून टाकतात, मग दोन वर्षांनी भिंतीला तडे गेले म्हणून ओरडतात. तो विषय वेगळा आहे, पण कायदा तोच.

आता संपादक महाशय, तुमच्याकडे पहिली विनंती. पुढच्या उन्हाळ्यात अशी बातमी आली तर तुमच्या बातमीदाराला चार गोष्टी विचारायला सांगा. रुळाचं तापमान किती होतं, हवेचं नाही, रुळाचं. तो रूळ किती तापमानाला जखडलेला होता आणि डिस्ट्रेसिंग शेवटचं कधी झालं. त्या जागी गेल्या काही दिवसांत काम झालं होतं का. आणि खडीचा खांदा पूर्ण होता का. हे विचारलं तर कळेल की चूक कुठे होती, माणसांची कमी होती का, ब्लॉक मिळाला नव्हता का, खडीची गाडी आली नव्हती का. नुसतं उन्हामुळे लिहिलं की सगळेच सुटतात, ऊन काय उत्तर द्यायला येत नाही. ऊन दरवर्षी येणार हे माहीत असतं, आणि आता तर ते वाढतच चाललंय.

दुसरी विनंती शाळेतल्या सरांना आणि मॅडमना. फटीचं उत्तर शिकवा, पण त्याच्यापुढे दोन ओळी जास्त शिकवा, की आता फट नसते, वाढ अडवली की दाब होतो आणि तो दाब खडी धरून ठेवते. पोरं रोज लाईनजवळून जातात, त्यांना पुस्तकातलं आणि डोळ्यासमोरचं वेगळं दिसलं की ती एक तर पुस्तकाला खोटं समजतात नाहीतर रेल्वेला. आठवीच्या मुलाला हा १.९ टनाचा हिशोब गुणाकाराने पण करता येतो, करून बघू द्या.

आणि तिसरी सगळ्या लोकांना, विशेषतः लाईनच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे तिथल्या. शॉर्टकटने लाईन ओलांडतात तिथे बघा, हजारो पायांनी खडीचा खांदा उतरून पायवाट झालेली असते, स्लीपरची टोकं उघडी पडलेली असतात. लाईन ओलांडणं जिवाला धोक्याचं आहे हे सगळे सांगतात, पण तुम्ही ओलांडून सुखरूप घरी गेलात तरी मागे काय ठेवून जाता ते कोणी सांगत नाही. त्या पायवाटेच्या जागी रुळाला बाजूने धरणारं काही उरत नाही, आणि दुपारी अडीच वाजता दोन्ही रुळांत मिळून ७६ टन दाब असतो. काही ठिकाणी लोक घरापुढे टाकायला, खड्डा भरायला खडी पाट्या भरून नेतात, मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि नेणाऱ्यांना समजावलंय पण, त्यांना खरंच वाटतं की रेल्वेची एवढी खडी पडलीय, दोन पाट्यांनी काय होतं. कचरा टाकतात तो वेगळा, कचरा आणि माती खडीत मिसळली की पाणी निघत नाही, खडी चिखलात बसते आणि तिची पकड जाते. ही खडी वरवर टाकलेली वाटते पण एक एक दगड कोनदार, एकमेकांत अडकेल असा फोडलेला असतो, तो तिथून हलवू नका. पालिकांनी आणि रेल्वेने पण एकमेकांकडे बोट न दाखवता अशा ठिकाणी पादचारी पूल किंवा सबवे द्यावा, लोकांना दीड किलोमीटर वळसा घालायला लावून लाईन ओलांडू नका म्हणणं बरोबर नाही. जिथे पूल होत नाही तोपर्यंत निदान एप्रिलच्या आत त्या पायवाटांवर खडी भरून घ्यावी, हे काम एका गँगचं एका दिवसाचं आहे.

रूळ कुठे बाजूला फुगलेला दिसला, किंवा एखाद्या जागी स्लीपरची टोकं उघडी दिसली, तर मोबाईलमध्ये फोटो काढून ग्रुपवर टाकत बसू नका. जवळच्या गेटमनला किंवा स्टेशन मास्तरला लगेच सांगा, ते नसतील तर १३९ ला फोन करा आणि जवळच्या खांबावरचा नंबर वाचून सांगा. प्रत्येक विजेच्या खांबावर किमीचा आकडा आणि खांबाचा आकडा लिहिलेला असतो, तो सांगितला की गँग थेट तिथेच पोचते, शोधत बसावं लागत नाही.

आपला,
एक निवृत्त पी-वे सुपरवायझर, भुसावळ